मदत हवी आहे : ५१ मुले, ४४ आसनांची एसटी आणि वेरूळची सहल

सर्वांना सादर नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. येत्या डिसेंबरमध्ये पाचवी ते सातवीच्या मुलांची एक दिवसाची सहल वेरूळ आणि दौलताबादला न्यावी, असे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरले आहे. ठिकाणाबद्दल कोणाचेही दुमत नाही. अडचण आहे ती प्रवासाची आणि त्याच्या खर्चाची. ज्यांनी ग्रामीण शाळेतून सहली नेल्या आहेत, किंवा जे एसटीच्या सेवेत आहेत वा होते, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी हिशेब मांडते. मुले ५१. आमच्याकडे परवानगीच्या अटींमध्ये दहा मुलांमागे एक शिक्षक असावा आणि मुलींसोबत शिक्षिका असावी, असे आहे. म्हणजे मोठी माणसे किमान सहा हवीत. पहिली ते चौथीचे वर्ग त्या दिवशी भरणारच असल्याने आम्ही चारच शिक्षक निघू शकतो आणि उरलेल्या दोन जागी समितीतील दोन माता-सदस्य यायला तयार आहेत. एकूण ५७ जण. एसटी शालेय सहलींना प्रासंगिक करारावर (म्हणजे पूर्ण बस भाड्याने ठरवून घेतल्यास) भाड्यात ५० टक्के सवलत देते, ती धरून आमच्या अंतराला एका बसचा खर्च साधारण १०,५०० रुपये होईल, असा अंदाज मी काढला आहे. मात्र बसमध्ये आसने ४४. दोन बस घेतल्या तर २१,००० रुपये, आणि ते ५१ मुलांत वाटले तर नुसत्या प्रवासाचे प्रत्येकी ४१२ रुपये होतात. इतर खर्च किरकोळ आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, मोठ्यांना वेरूळला ४० रुपये आहे, आणि डबा प्रत्येकाने घरून आणायचा आहे. अजिंठ्याचाही विचार झाला होता, परंतु अंतर वाढते आणि फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून लेण्यांपर्यंत तिथल्या बसने जावे लागते, त्याचे तिकीट निराळे. म्हणून तो बेत सोडला.

खासगी गाडीवाल्यांकडेही चौकशी केली. दोघांनी एकच उत्तर दिले : "मॅडम, लहान लेकरं आहेत, तिघांच्या जागेवर चार बसवू, एकाच गाडीत होऊन जाईल." दर ऐकून समितीतील काही पालकांचा कल तिकडे झुकला आहे आणि त्यांची ओढाताण मला समजते. पण मागील वर्षी आम्ही तेच केले होते. ठरवलेली गाडी न येता ऐनवेळी दुसरीच जुनी गाडी आली, तिच्या संकटकालीन दाराला आसन लावून ते बंद केलेले होते, आणि परतीच्या वाटेवर अंधार पडल्यावर दिवे गेले. दोन तास मुलांना रस्त्याच्या कडेला शेतात बसवून ठेवावे लागले. त्या दोन तासांत मी किती वेळा मुले मोजली, ते मला सांगता येणार नाही. म्हणून आसनापेक्षा एकही मूल जास्त बसवायचे नाही, एवढे माझ्यापुरते पक्के आहे.

खर्च कमी करण्याचा आग्रह मी का धरते, तेही सांगायला हवे. आमच्या गावातून दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुले आजी-आजोबांकडे राहतात. जे गावात असतात, त्यांच्या हाती कापसाच्या वेचणीचे जेमतेम पैसे असतात. मागील वर्षी नऊ मुले सहलीला आली नाहीत. पैसे नाहीत, असे त्यांतील एकानेही सांगितले नाही. सहावीतील एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मला गाडी लागते." ती दरवर्षी आई-वडिलांसोबत ट्रकमध्ये सामानावर बसून कारखान्यापर्यंत गेलेली मुलगी आहे. ती यंदा सातवीत आहे, आणि कैलास लेणे डोंगरात वरून खाली कोरत आणले आहे, हे वर्गात सांगितल्यापासून तिने मला किमान तीनदा विचारले आहे की, मग खालचा दगड बाहेर कुठून काढला.

आता मला सुचलेला मार्ग. शेजारच्या गावातील शाळेची २८ मुले त्याच सुमारास सहलीला निघणार आहेत. दोन्ही शाळा मिळून मुले ७९ आणि मोठी माणसे आठ, म्हणजे ८७ जण होतात. दोन बसची आसने ८८. खर्च प्रत्येकी सुमारे २६६ रुपयांवर येतो. अर्थात वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढा वार दोघांनीही टाळावा लागेल. परंतु दोन शाळांनी एकत्र सहल नेल्यास शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे प्रस्ताव एक द्यायचा की दोन, एसटीचा करार कोणत्या मुख्याध्यापकांच्या नावाने करायचा, आणि दोन्ही शाळांची मुले एकाच बसमध्ये मिसळून बसली तर जबाबदारी कशी लिहून ठेवायची, हे ज्यांनी केले असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. समितीच्या माता-सदस्यांना दहास एक या प्रमाणात धरले जाते का, की तिथे शिक्षकच लागतात, हाही प्रश्न आहे, कारण तसे असेल तर माझा वरचा हिशेब कोलमडतो.

दुसरा मार्ग रेल्वेचा. ग्रामीण भागातील सरकारी शाळांच्या विद्यार्थ्यांना अभ्यास सहलीसाठी वर्षातून एकदा द्वितीय श्रेणीत ७५ टक्के सवलत आहे. जालना ते छत्रपती संभाजीनगर आगगाडीने जावे आणि तिथून पुढे बस करावी, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. आमच्या बहुतेक मुलांनी आगगाडी आतून पाहिलेलीच नाही, त्यामुळे मलाही मोह होतो. पण गाव ते जालना आणि संभाजीनगर ते वेरूळ अशा दोन गाड्या तरीही कराव्याच लागतील आणि फलाटावर ५१ मुले सांभाळावी लागतील. जिल्हा परिषदेच्या शाळेने ही सवलत प्रत्यक्ष घेतल्याचा अनुभव कोणाकडे आहे का? दाखला कोणत्या नमुन्यात दिला आणि किती दिवस आधी अर्ज केला?

शेवटची विनंती अशी की, ज्या मुलांची वर्गणी आम्ही शिक्षक भरणार आहोत, त्यांची नावे वर्गात कोणाला कळू नयेत, यासाठी आपण कोणती पद्धत वापरली तेही लिहावे. समितीची पुढील बैठक येत्या शनिवारी आहे आणि आगारात बसची मागणी त्यानंतर लगेच नोंदवायची आहे.