वहीत ‘चांगल्या गोष्टी’ लिहिणं टिकत का नाही?

दांडियाबाजारकर: बडोद्यात मकरपुऱ्यातली शिफ्ट सुटली तरी डोक्यात साहेबांचंच बोलणं. रोज चांगल्या गोष्टी लिहायचं ठरवतो, आठवड्यात बारगळतं. नेमकं कुठे चुकतं?

वहीपेन: नुसती यादी करता म्हणून. घर, तब्येत, चहा. चौथ्या दिवशी तेच, मग कंटाळा येणारच. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात आठवडाभर रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही. मर्म त्या ‘का’मध्ये आहे. ‘माल वेळेत गेला, कारण स्टोअरला सकाळीच फोन केला’ असं लिहिलं की आपल्या हातात काय होतं ते दिसतं. मोबाईलवर लिहू नका, एक नोटिफिकेशन आलं की संपलं!

सयाजीगंजकर: रोज जड जात असेल तर फक्त रविवारी लिहा. निघताना उद्याचं पहिलं काम चिठ्ठीवर लिहून टेबलावरच ठेवा. अर्धवट कामच डोक्यात घोळत राहतं. मग कमाटीबागेत २० मिनिटं चाला, फोन खिशात.

वहीपेन: एक राहिलं. साहेब खरोखर अपमान करत असतील तर वही हा उपायच नव्हे. तारीखवार नोंद ठेवा, एचआरकडे लेखी द्या. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर डॉक्टरांना दाखवा.