मदत हवी आहे: पोस्टग्रेसमधल्या ऑर्डरी ट्रेलोवर आपोआप न्यायच्या आहेत, कार्डं कधी दोनदा येतात, कधी येतच नाहीत

रंधा_पटाशी

मॉड्युलर किचनचा कारखाना आहे. ऑर्डरी पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) या डेटाबेसमध्ये नोंदवल्या जातात, कारागिरांचं काम ट्रेलो या ऑनलाइन कार्डांच्या बोर्डावर चालतं. याद्या अशा: मोजमाप, कटिंग, एज बँडिंग, फिटिंग. मधल्या जोडणीला एन-एट-एन (वेगवेगळी सॉफ्टवेअरं जोडून कामं आपोआप चालवणारं साधन), आपल्याच सर्व्हरवर डॉकरच्या कंटेनरमध्ये. प्रोग्रामर कोणी नाही, एसक्यूएल जेमतेम जमतं.

आत्ताचा वर्कफ्लो: शेड्यूल ट्रिगर दर ५ मिनिटांनी चालतो, 'बदल_वेळ गेल्या ५ मिनिटांतली' अशा ओळी पोस्टग्रेस नोड (वर्कफ्लोमधली एक पायरी) आणतो, पुढे ट्रेलो नोड कार्ड बनवतो. नोडवर 'रिट्राय ऑन फेल' चालू आहे.

अडचणी:
१. काही ऑर्डरींची दोन कार्डं बनतात.
२. काही ऑर्डरींचं कार्डच बनत नाही आणि एररही दिसत नाही.
३. पोच तारीख १२ असेल तर कार्डावर ११ तारीख, पहाटे ५:३० अशी दिसते. तारखेची पहिली दहा अक्षरं कापून पाठवतो.
४. कारागिराने कार्ड पुढच्या यादीत ओढलं की डेटाबेसमधली स्थितीही बदलायला हवी. हे अजून केलेलं नाही.

तळटीप

घड्याळ बघून ओळी उचलणं हे १ आणि २ या दोन्हींमागे आहे.

हरवणाऱ्या ऑर्डरी आधी घेऊ. बदल_वेळ बहुधा नाऊ() ने भरत असाल. पोस्टग्रेसमध्ये नाऊ() ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) सुरू झाल्याची वेळ देतं, संपल्याची नाही. समजा ट्रान्झॅक्शन १०:०४:५० ला सुरू झालं आणि १०:०५:२० ला कमिट, म्हणजे पक्कं, झालं. १०:०५ च्या फेरीला ती ओळ अजून दिसत नाही. १०:१० ची फेरी १०:०५ नंतरचंच बघते आणि ओळीवर शिक्का १०:०४:५० चा. गेली कायमची. एररही नाही, कारण चुकीचं काही घडलेलंच नाही. सर्व्हर दहा मिनिटं बंद राहिला तर तेवढ्या वेळातल्या सगळ्या ऑर्डरींचं हेच होणार. ५ ऐवजी ७ मिनिटांची खिडकी ठेवा असा सल्ला मिळेल, पण त्याने हरवणं थोडं कमी होतं आणि दुहेरी कार्डं वाढतात.

उपाय म्हणून वेगळा तक्ता करा, नाव 'पाठवायचे'. रकाने: क्रमांक, ऑर्डर_क्रमांक, उचलले_वेळ, झाले_वेळ, प्रयत्न. ऑर्डरच्या तक्त्यावर डेटाबेसचा ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) लावून त्यात ओळ टाकायची. नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये होते, त्यामुळे ऑर्डर कमिट झाली तर तीही होणारच.

ट्रिगर दोन करावे लागतील, एक इन्सर्टचा, एक अपडेटचा. अपडेटच्या ट्रिगरला 'जुनी स्थिती इज डिस्टिंक्ट फ्रॉम नवी स्थिती' किंवा तारखेसाठी तशीच अट हवी, कारण 'अपडेट ऑफ' रकाना लिहिला तरी मूल्य तेच राहिलं असताना ट्रिगर चालतोच. ही अट इन्सर्टच्या ट्रिगरमध्ये चालत नाही, तिथे जुनी ओळच नसते.

मग एन-एट-एन दर मिनिटाला एकच क्वेरी चालवेल: झाले_वेळ रिकामी आणि उचलले_वेळ रिकामी किंवा १० मिनिटांपेक्षा जुनी अशा २० ओळी 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' ने (निवडलेल्या ओळींना कुलूप, दुसऱ्या फेरीने कुलूप लावलेल्या सोडून) निवडायच्या, त्यांची उचलले_वेळ भरायची, प्रयत्न एकने वाढवायचे आणि 'रिटर्निंग' ने परत घ्यायच्या. आधीची फेरी संपली नसली तरी शेड्यूल ट्रिगर नवी सुरू करतो, म्हणून हे कुलूप. 'शेवटचा पाहिलेला क्रमांक' लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. सीक्वेन्सचे (आपोआप वाढणारे) क्रमांकही कमिटच्या क्रमाने येत नाहीत, पुन्हा तीच गळती. कार्डावर काय लिहायचं ते पाठवायच्या क्षणी ऑर्डरच्या तक्त्यातून वाचा, रांगेत साठवू नका.

आता दुहेरी कार्डं. रिट्राय हाच त्यातला मोठा गुन्हेगार. विनंती ट्रेलोला पोचते, कार्ड बनतं, उत्तर येता येता टाइमआउट होतो, नोड पुन्हा विनंती करतो, दुसरं कार्ड तयार. म्हणून 'दुवा' नावाचा तक्ता: ऑर्डर_क्रमांक प्रायमरी की, कार्ड_आयडी युनिक, म्हणजे दोन्ही पुन्हा येऊ शकत नाहीत. दुवा असेल तर कार्ड अपडेट, नसेल तर नवीन. कार्ड बनवायच्या नोडवरचा रिट्राय बंद. कार्डाच्या नावाची सुरुवात 'ऑ-१०४३' अशी ठेवा, आणि प्रयत्न १ पेक्षा जास्त असेल तेव्हाच बोर्डावरची सगळी कार्डं एका विनंतीत आणून तो क्रमांक आधीच आहे का ते बघा.

शून्य_दशांश

तारखेचं: ५:३० दिसलं की यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा) घोळ समजावा. पोस्टग्रेसच्या डेट रकान्याला वेळ नसते, मधलं सॉफ्टवेअर त्याला मध्यरात्र चिकटवतं. १२ तारखेची भारतीय मध्यरात्र म्हणजे यूटीसीत ११ तारीख १८:३०. त्यातली दहा अक्षरं कापली की उरते नुसती ११. ट्रेलो ती यूटीसी मध्यरात्र धरतं आणि इथे दाखवताना साडेपाच तास मिळवतं.

कापाकापी बंद करा. क्वेरीतच पोच_तारीख अधिक १८:०० वेळ करून त्याला 'ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता' लावा. ट्रेलोला १२:३० यूटीसी जाईल, कार्डावर १२ तारीख संध्याकाळी ६ दिसेल. डॉकरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जेनेरिक_टाइमझोन आणि टीझेड दोन्ही एशिया/कोलकाता ठेवा. एन-एट-एनचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो, उद्या 'रोज सकाळी ९' असा वर्कफ्लो केलात तर तो भलत्याच वेळी चालेल.

एक न विचारलेलं: ग्राहकाचं नाव क्वेरीत सरळ चिकटवत असाल तर एखाद्या डि'सोझांची ऑर्डर आली की क्वेरी मोडेल. क्वेरी पॅरामीटर वापरा. पण तिथे मूल्यं स्वल्पविरामाने वेगळी होतात, आणि आपल्याकडच्या पत्त्यात स्वल्पविराम असतोच. सगळी मूल्यं एका एक्स्प्रेशनमध्ये ॲरे (यादी) करून द्या.

रंधा_पटाशी

दोघांचे आभार. एन-एट-एनमध्ये पोस्टग्रेस ट्रिगर नोड आहे. तो वापरला तर दर मिनिटाची फेरी वाचेल का? आणि चौथा मुद्दा राहिला.

तळटीप

तो नोड लिसन-नोटिफाय वापरतो, म्हणजे डेटाबेस निरोप देतो आणि नोड ऐकत बसतो. नोटिफाय म्हणजे दारावरची बेल, घरात कोणी नसेल तर वाजून जाते. कंटेनर रीस्टार्ट होत असताना आलेले निरोप कुठेच साठत नाहीत. मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसच्या जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर लिसन चालतच नाही. कारखान्यात एका मिनिटाने काही अडत नाही, फेरीच ठेवा.

उलट_तपासणी

उलट दिशेसाठी, म्हणजे चौथ्या मुद्द्यासाठी, ट्रेलो ट्रिगर नोड. तो वेबहुक वापरतो: बोर्डावर बदल झाला की ट्रेलो स्वतःच आपल्या पत्त्यावर निरोप पाठवतं. आधी या तीन गोष्टी बघा, बहुतेक जण इथेच अडकतात:

- वेबहुक_यूआरएल हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बाहेरून उघडणाऱ्या एचटीटीपीएस पत्त्याने भरा. नाहीतर ट्रेलोकडे 'लोकलहोस्ट:५६७८' असा पत्ता जातो. नोंदणी करताना ट्रेलो त्या पत्त्यावर हेड विनंती (पत्ता चालू आहे का एवढंच बघणारी) पाठवतं आणि २०० ('ठीक') उत्तर मिळालं तरच वेबहुक बनवतं. समोरचा प्रॉक्सी हेड अडवत नाही ना, ते तपासा.
- मॉडेल आयडी म्हणजे बोर्डाचा २४ अक्षरी आयडी. पत्त्यात दिसतो तो ८ अक्षरी, तो नव्हे. बोर्डाच्या पत्त्यापुढे '.जेसन' जोडून उघडलं की लांब आयडी दिसतो.
- टेस्टचा पत्ता तुम्ही ऐकत बसलेले असतानाच चालतो. वर्कफ्लो ॲक्टिव्ह करा.

बोर्डावरची प्रत्येक हालचाल येईल: कॉमेंट, लेबल, सगळं. तुम्हाला फक्त अपडेट-कार्ड प्रकारातली, 'लिस्ट-आफ्टर' असलेली हवी. यादी नावाने ओळखू नका, आयडीने ओळखा. 'कटिंग'चं 'कटिंग १' कोणीतरी करतंच.

खरा त्रास चक्राचा आहे. डेटाबेसने कार्ड हलवलं, ट्रेलोने ते परत कळवलं, त्याने डेटाबेस बदलला, पुन्हा रांगेत नोंद. 'स्थिती वेगळी असेल तरच अपडेट' ही अट पुरेशी वाटते, पण ऑर्डर पटापट दोनदा पुढे सरकली तर पहिल्या हालचालीचा उशिरा आलेला निरोप तिला मागे ओढतो. म्हणून एन-एट-एनसाठी ट्रेलोवर वेगळं खातं काढा, टोकन (प्रवेशाची किल्ली) त्याच खात्याचं वापरा, आणि 'आयडी-मेंबर-क्रिएटर' त्या खात्याचा असेल तर निरोप सोडून द्या. पोस्टग्रेसमध्येही एन-एट-एनला वेगळा रोल (डेटाबेसचं खातं) द्या आणि सेशन_युझर तो असेल तर 'पाठवायचे' मध्ये नोंद करू नका. त्या रोलला ऑर्डरच्या तक्त्यावर वाचायचा हक्क आणि अपडेटचा हक्क फक्त स्थिती रकान्यावर. ग्रँट रकान्यापुरता देता येतो. 'पाठवायचे' आणि 'दुवा' यांचे हक्क वेगळे द्यावे लागतील.

माझ्या मते दोन्ही बाजूंनी स्थिती बदलू देऊच नका. ऑफिसने मोजमाप पूर्ण केलं की कार्ड बनेल, तिथून पुढची स्थिती फक्त ट्रेलोवरून. तारीख, ग्राहक, रक्कम फक्त डेटाबेसमधून. एका रकान्याचा मालक एकच असला की चक्र जुळतच नाही, वेगळं खातं आणि वेगळा रोल ही निव्वळ खबरदारी.

रंधा_पटाशी

हे पटलं, स्थिती कारागिरांकडेच ठेवतो. जुन्या ४०० चालू ऑर्डरी एकदम टाकल्या तर चालेल?

तळटीप

एकदम नको. ट्रेलोची मर्यादा एका टोकनला १० सेकंदांत १०० विनंत्या, ओलांडली की ४२९ ('फार विनंत्या') असं उत्तर येतं. त्या ४०० नोंदी 'पाठवायचे' मध्येच टाका, २०-२० च्या फेऱ्यांनी वीसेक मिनिटांत संपतील. त्याआधी हाताने बनवलेली कार्डं असतील तर त्यांचे आयडी 'दुवा' मध्ये भरून घ्या, नाहीतर सगळी पुन्हा बनतील. आणि प्रयत्न ५ झाले की ती ओळ उचलायची थांबवून ईमेल जाऊ द्या. एरर ट्रिगरवर फार विसंबू नका, वर्कफ्लो हाताने चालवून बघताना तो चालत नाही.