सूचकाची वर्गणी बाकी असेल तर उमेदवाराचा अर्ज बाद होतो का?

कोथरूडची_आजी

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची निवडणूक २८ जूनला आहे. मी बँकेतून निवृत्त झालेली, कुठल्याच पदाला उभी नाही, म्हणून निवडणूक अधिकारी म्हणून मला नेमलंय. आजवर आमच्याकडे मतदान कधी झालंच नाही. सभेत कुणी नाव सुचवायचं, कुणी अनुमोदन द्यायचं, टाळ्या वाजवायच्या, झालं.

यंदा खजिनदारपदाला दोन अर्ज आले. एक विद्यमान खजिनदारांचा, दुसरा एका सभासद बाईंचा. बाईंच्या अर्जावर खजिनदारांनी लेखी हरकत घेतली आहे, की सूचकाने १ एप्रिलला देय झालेली ३०० रुपये वर्गणी भरलेली नाही. ते खरंच आहे. पण का भरली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सूचक आजोबा ८१ वर्षांचे. मे महिन्यात ते विजेच्या बिलाच्या पाकिटात शंभराच्या तीन नोटा घालून आले. पावतीपुस्तक कपाटात, किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार गावाला. शिपाई म्हणाला, पावतीशिवाय पैसे घेता येणार नाहीत. आजोबा काठी टेकत दोन मजले उतरून गेले. त्याआधीही एकदा असंच परत गेले होते म्हणे.

संघाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, एवढंच आहे: ‘सूचक व अनुमोदक संस्थेचे सभासद असावेत.’ अध्यक्ष म्हणतात, अर्ज बाद करा, बिनविरोध होईल, खर्च वाचेल. मला हे अजिबात पटत नाही. पण आजोबांची दया येते म्हणून नियम वाकवायचाही नाही. छाननी १६ तारखेला आहे. संस्था १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली आहे.

नारायणपेठी_माजी_चिटणीस

ताई, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ काढून वाचा. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून धरला जात नाही. तुमची वर्गणी १ एप्रिलची, छाननी १६ जूनला. तीन महिने पुरे झालेले नाहीत, म्हणजे आजोबा आज सभासद आहेत. मतदान २८ जूनला असल्यामुळे त्यांचं मतही वैध. तेच जुलैत ठेवलं असतं तर प्रश्न खरंच अवघड झाला असता.

किल्लीची गोष्ट मात्र निकालात आणू नका. ती खरी असली तरी तुमचा निर्णय त्यावर उभा राहू नये. तो घटनेतल्या शब्दावर आणि कलमावर उभा राहू दे.

धनकवडीकर

थोडी वेगळी बाजू मांडतो. आमच्या मंडळाच्या घटनेत ‘वर्गणी पूर्ण भरलेला सभासद’ असे शब्द आहेत, आणि तिथे मी असाच एक अर्ज बाद केला होता. माणूस चांगला होता, वाईट वाटलं, पण शब्द स्पष्ट होते. तुमच्या घटनेत नंतर काही दुरुस्ती झाली आहे का, ते आधी बघा. आमच्याकडे छापील पुस्तिका जुनी होती आणि मंजूर दुरुस्ती फाईलमध्ये पडून होती.

दुसरं, निर्णय तोंडी देऊ नका. दोघांना समोरासमोर ऐका, अर्जावरच दोन ओळी कारण लिहा, तारीख-वेळ टाकून सही करा. निवडणुकीनंतर ९० दिवसांत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अहवाल, द्यायचा असतो. हरलेला माणूस हरकत घेतो तो तिथे. तेव्हा नोटीस, इतिवृत्त आणि तुमच्या त्या दोन ओळीच उपयोगी पडतात.

शनिवारवाडा_सकाळ

मतदारयादी आधी फलकावर लावा, अर्जांची भानगड अर्धी तिथेच मिटते. आणि उमेदवार असलेल्या माणसाकडे पावतीपुस्तक निवडणूक होईपर्यंत राहू देऊ नका. हे कुणावर संशय म्हणून नाही. उद्या बाई खजिनदार असल्या तरी हेच करायला हवं.

कोथरूडची_आजी

सगळ्यांचे मनापासून आभार. धनकवडीकरांनी सांगितलं म्हणून जुनी फाईल शोधली. २०११ साली एक दुरुस्ती झाली होती, पण ती कार्यकारिणीच्या मुदतीबद्दल, सूचकाबद्दल नाही.

आज छाननी झाली. खजिनदार आधी चिडले. कलम मोठ्याने वाचून दाखवल्यावर म्हणाले, “मग तीन महिने व्हायची वाट बघायला हवी होती.” मी त्यांना सांगितलं की त्यांचाही अर्ज मी याच नियमाने तपासला आहे. दोन्ही अर्ज वैध ठरवले, कारणं लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या. किल्ली चिटणीसांकडे दिली. संध्याकाळी आजोबा आले, तेच पाकीट, त्याच तीन नोटा. चिटणीसांनी पावती फाडून दिली, ती त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.

मतपत्रिका अप्पा बळवंत चौकात छापायला दिल्यात. यादीत १८७ नावं आहेत, तेवढ्याच छापून घेते आहे.