विषय: एनपीची पहिली नोकरी, करारात काय बघावं?

नमस्कार मंडळी,
मी डॅलसजवळ आयसीयूत नर्स आहे. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा (एनपी, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स) कोर्स आणि सर्टिफिकेशन नुकतंच झालं. एका क्लिनिकची ऑफर आलीय. पगार बरा आहे, पण सुपरव्हायझिंग डॉक्टरची फी माझ्याकडून कापणार, आणि विमा 'क्लेम्स-मेड' आहे म्हणे. असंच असतं का? आमच्या आयसीयूतही एनपीची जागा निघतेय. ओळखीचं काम आहे, तिकडेच जाऊ का?

---

नमस्कार ताई,
आधी आयसीयूचं. तुमचं सर्टिफिकेशन प्रायमरी केअरचं आहे. अतिदक्षतेतल्या पेशंटसाठी ॲक्युट केअरचं वेगळं लागतं. नर्स म्हणून तिथे कितीही वर्षं काढली असली तरी त्याने एनपीचा स्कोप (कोणते पेशंट बघता येतात ती हद्द) वाढत नाही. हॉस्पिटल "चालतं हो" म्हणेल, पण काही झालं तर लायसन्स तुमचं जाईल.

आता करार. टेक्ससमध्ये डॉक्टरशी लेखी करार असल्याशिवाय एनपीला प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. शेजारच्या न्यू मेक्सिकोत किंवा ॲरिझोनात ही भानगडच नाही. मी ॲरिझोनात आले ती त्यासाठीच. टेक्ससमधल्या माझ्या क्लिनिकात डॉक्टरांनी अचानक काम सोडलं. सोमवारी सकाळी बाहेर पेशंट बसलेले, आणि मला डायबेटिसच्या साध्या मेटफॉर्मिनचं रिफिलसुद्धा लिहिता येईना. म्हणून पगाराआधी हे विचारा: डॉक्टर गेले तर दुसरे कोण, किती दिवसांत, आणि तोवर माझा पगार चालू का? त्या डॉक्टरची फी क्लिनिकनेच भरावी. ती तुमच्या माथी मारणं काही ठिकाणी चालतं, पण मला ते अजिबात पटत नाही.

शेड्यूल दोनची (सवय लागू शकते म्हणून कडक नियंत्रणातली) औषधं, म्हणजे हायड्रोकोडोन, एडीएचडीचं ॲडरॉल वगैरे, टेक्ससच्या क्लिनिकमधून एनपीला लिहिता येत नाहीत. ती मुभा हॉस्पिटल आणि हॉस्पिसपुरतीच. एडीएचडीचे पेशंट तुमच्याकडे लावणार असतील तर हे आधीच बोलून घ्या.

'क्लेम्स-मेड' म्हणजे पॉलिसी चालू असताना दावा आला तरच संरक्षण. नोकरी सोडल्यावर दोन वर्षांनी नोटीस आली तर 'टेल' (पॉलिसी संपल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीची जादा पॉलिसी) घेतलेली असावी लागते, आणि ती चांगलीच महाग पडते. ती कोण भरणार ते लिहून घ्या, नाहीतर 'ऑकरन्स' पॉलिसी मागा, म्हणजे घटना पॉलिसी चालू असताना घडली की दावा नंतर आला तरी संरक्षण.

आणखी एक. मेडिकेअर (मुख्यतः वयस्कांचा सरकारी आरोग्यविमा) एनपीच्या नावाने डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं, म्हणून क्लिनिकं 'इन्सिडंट टू' (म्हणजे एनपीचं काम डॉक्टरच्याच उपचाराचा भाग) दाखवून डॉक्टरच्या नावाने बिल लावतात. नवा पेशंट किंवा नवी तक्रार असेल तर ते नियमात बसत नाही. शिवाय राबायचं तुम्ही आणि आकडे डॉक्टरच्या खात्यावर; पुढच्या वर्षी पगारवाढ मागताना हातात काय दाखवणार?

---

ताईंच्या मेलला जोड देतो. माझी बायकोही एनपी आहे. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून नर्सेसच्या नॉन-कम्पीटवर (नोकरी सोडल्यावर जवळपास दुसरीकडे काम करू नये ही अट) मर्यादा आलीय: एक वर्ष, पाच मैल, आणि त्यातून सुटायची रक्कम वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नको. जुनाच छापील मसुदा पुढे करतात, पाहून घ्या. सही करण्याआधी वकिलाला दाखवाच, त्याचे पैसे वाचवू नका.

---

काका, ताई, खूप आभार. नॉन-कम्पीट वीस मैलांचा निघाला! टेल भरायला ते तयार झालेत. फीचं विचारलं तर "डॉक्टरांशी बोलून सांगतो" म्हणाले, शुक्रवारपासून काही पत्ता नाही. आयसीयूच्या जागेला नकार कळवला.