मदत हवी आहे: ओटीवरचं वायफाय माजघर ओलांडत नाही

खळ्यातला:

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

राजापूर तालुक्यात आमचं घर आहे, पणजोबांनी बांधलेलं. समोर खळं, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. सगळं एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखं. पुढच्या पायरीपासून मागच्या दारापर्यंत टेप लावला तर ६२ फूट भरलं. भिंती जांभ्याच्या, मातीत बांधलेल्या. माजघराच्या दोन्ही भिंती पावणेदोन फूट जाड आहेत. वर मंगलोरी कौलं.

मी पुण्यात नोकरीला. महिन्यातले दहा-बारा दिवस इथून काम करायची परवानगी मिळालीय. दिवाळीत फायबर घेतलं, १५० एमबीपीएस वेगाचा प्लॅन. जोडणीला आलेल्या मुलाने वायर खिडकीतून आत घेतली, राउटरचा डबा ओटीवर बाबांच्या झोपाळ्याच्या वर ठोकला आणि तो मोकळा झाला. आता वेगाची परिस्थिती अशी (एमबीपीएसमध्ये):

ओटीवर १४०. माजघरात ३० ते ३५. स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला ४, फ्रिजजवळ कधी २ कधी काहीच नाही. मागच्या पडवीत शून्य.

तुम्ही म्हणाल ओटीवरच बस की. बसलो होतो. आमच्या ओटीवर दिवसभर कोणी ना कोणी टेकतंच. परवा मी साहेबांना आकडे समजावत होतो आणि मागून शेजारच्या काकांनी फणस किती उतरले त्याचा हिशोब मांडला. माईक चालू होता. मला मागची पडवीच हवी.

आतापर्यंत केलेले उद्योग: डब्याच्या दांड्या सगळ्या दिशांना फिरवून पाहिल्या. १,४०० रुपयांचा रिपीटर (आलेलं वायफाय पुढे फेकणारा डबा) आणून स्वयंपाकघरात लावला, तर फोनवर पाचच्या पाच काड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. दुकानदार म्हणतो तीन नगांचा मेश (एकमेकांशी बोलणाऱ्या वायफाय डब्यांचा संच) घ्या, साधारण बारा हजार. घ्यावा का?

एक अट आहे. बाबांनी सांगितलंय, भिंतीला भोक पाडायचं नाही. हा विषय आमच्याकडे वाढवता येत नाही.

गुळपोळी:

मेश घ्या डोळे मिटून. आमच्याकडे ठाण्यात तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दोन नग आहेत, बाथरूममध्येसुद्धा व्हिडिओ चालतो.

तारमास्तर:

गुळपोळी, तुमच्या फ्लॅटमधली आतली भिंत चार-सहा इंचांची. यांची एकवीस इंच जांभा, आणि जांभ्यात लोह भरपूर. तुलना नको.

खळ्यातला, आधी रिपीटरचं समजून घ्या, म्हणजे बारा हजार वाचतील. त्या पाच काड्या तुमचा फोन आणि रिपीटर यांच्यामधल्या आहेत. रिपीटरला स्वतःला ओटीवरून काय मिळतंय हे फोन दाखवतच नाही. तुम्ही तो नेमका जिथे काही पोचत नाही तिथे लावलात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय स्वस्तातला रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुढे बोलतो, त्यामुळे जे काही हाती लागतं तेही निम्म्यावर येतं. बिनतारी मेशचंही मूळ दुखणं हेच. चांगल्या मेशमध्ये नगानगांत बोलायला वेगळा पट्टा राखलेला असतो, पण भिंत त्यालाही तीच.

फोनवर सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दाखवणारं एखादं फुकटचं ॲप घ्या आणि प्रत्येक खोलीतले आकडे इथे टाका. आकडा उणे असतो, शून्याकडे जितका जवळ तितका बरा. व्हिडिओ कॉल सुखाने व्हायला उणे ६७ च्या आसपास तरी हवं. उणे ८० च्या खाली गेलात की देवाचं नाव घ्या.

झोपाळेकर:

रिपीटर माजघरात लावून बघितलात का? ओटीच्या भिंतीपाशी नको, मध्यावर.

खळ्यातला:

वायफायच्या दोन्ही पट्ट्यांवर आकडे घेतले.

२.४ गिगाहर्ट्झवर: ओटी उणे ३८, माजघर उणे ६१, स्वयंपाकघर उणे ७९, मागची पडवी उणे ८८.
५ गिगाहर्ट्झवर: ओटी उणे ४२, माजघर उणे ७४, पुढे फोनला नावच दिसत नाही.

झोपाळेकर, रिपीटर माजघरात हलवला. स्वयंपाकघरात ११ मिळाले, आई खूश आहे, तिच्या रेसिपी आता न थांबता चालतात. मागच्या पडवीत २. मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं राहून थिजतं, सहकाऱ्यांनी त्याचे स्टिकर केलेत.

अवंती_ठाणे:

डबाच माजघरात हलवून घेता येईल की. कंपनीला सांगून फायबर आत ओढून घ्या, थोडे पैसे घेतात. घराच्या मध्यावर आला की दोन्हीकडे सारखं वाटलं जाईल.

तारमास्तर:

एरवी मीही हेच पहिलं सांगितलं असतं. पण यांच्या माजघराच्या दोन्ही बाजूंना जाड भिंती आहेत. डबा तिथे नेला तर दोन्हीकडे सारखंच वाईट. खात्री करायची तर सोपी युक्ती आहे: एक फोन माजघरात ठेवून त्याचा हॉटस्पॉट चालू करा आणि दुसऱ्या फोनने मागे जाऊन मोजा. हॉटस्पॉट राउटरपेक्षा दुबळा असतो हे ध्यानात धरा, पण भिंत किती खाते ते कळेल.

खळ्यातला:

केलं. माजघरात उणे ४०, भिंतीपलीकडे उणे ६८, मागच्या पडवीत उणे ८१. भिंतीचं पोट मोठं आहे. लोखंडी कपाटही त्याच भिंतीला टेकून आहे, ते सरकवून पाहायचं होतं, पण आत पितळेची भांडी आहेत. हललं नाही.

गुळपोळी:

लाईटच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारे अडॅप्टर मिळतात ना? एक ओटीवर प्लगमध्ये, एक मागे. भोक नको नि वायर नको.

तारमास्तर:

मिळतात. वायरिंग नवीन, दोन्ही प्लग एकाच फेजवर आणि मध्ये स्पाइक गार्ड नसेल तर बरे चालतात. खळ्यातला, तुमचं वायरिंग कधीचं?

खळ्यातला:

लाकडी पट्टीवरचं. काळे गोल स्विच. सर्वांनी शांतता राखावी.

तारमास्तर:

मग तो विषय संपला. (आणि तेवढं बदलून घ्या हो, वायफायच्या आधी.)

आता माझं म्हणणं ऐका. हवेतून जात नसेल तर तारेतून न्या. ओटीवरच्या डब्यातून एक लॅन केबल थेट मागच्या पडवीत, तिथे दुसरा राउटर. भिंत मग मध्ये येतच नाही. प्रश्न उरतो बाबांचा. तर मला सांगा, माजघराच्या भिंती वर कुठपर्यंत गेल्यात? माळ्यावर चढून बॅटरी मारून पाहा. जुन्या घरांत भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामध्ये बऱ्याचदा फट असते.

खळ्यातला:

साहेब, तुम्ही आमच्याकडे येऊन गेलायत का? चढलो होतो. भिंतीच्या माथ्यावर वासे टेकलेत आणि दोन वाशांमध्ये वीतभर मोकळी जागा आहे. आमची मांजर तिथूनच ये-जा करते म्हणे. घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं.

बाबांना विचारलं. म्हणाले, "मांजरीने भोक पाडलंय का? मग तुझी वायर जाऊ दे."

कुडाळचो:

मांजराचा काय नाय ओ, उंदरांचा बघा. आमची वायर दोनदा खाल्ल्यानी.

तारमास्तर:

कुडाळचो अगदी खरं बोलतायत. केबल पीव्हीसी पाइपातून घ्या, लाईटवाले घेतात तोच पाइप.

केबल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कॅट ६ मागा आणि पूर्ण तांब्याची मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल खूप खपते. ओळखायचं कसं, तर आतली एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चमकली तर परत करा. ती वाकवली की तुटते आणि कोकणातल्या दमट हवेत लवकर गंजते. लांबीची काळजी नको, १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला वळणं धरून ३० लागेल. लाईटच्या वायरीला बांधून नेऊ नका, फूटभर अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

मागे नवीन महागडा राउटर नको. घरात जुना पडला असेल तर तोच ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसता वायफाय पसरवणारा डबा म्हणून लावा. सेटिंगमध्ये तसा मोड असतो. नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, म्हणजे पत्ते वाटायचं काम फक्त ओटीवरचा डबाच करेल, आणि केबल वॅनच्या (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) भोकात न घालता लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात घाला. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. २.४ वर पुढच्याला चॅनल १ द्या, मागच्याला ११, म्हणजे एकमेकांच्या पायात यायचे नाहीत.

खळ्यातला:

आठवड्याने येतोय. काम झालं, पण पूर्ण नाही.

मी आणि चुलतभाऊ माळ्यावर चढलो. तिथे सापडलेल्या वस्तू: एक पाळणा, आजीचा कंदील, माझी पाचवीची प्रगतिपुस्तकं (बाबांनी ती मोठ्याने वाचली). केबल ३२ मीटर लागली. टोकांना कनेक्टर मीच चिमटा आणून लावले, भाऊ म्हणाला होता बाजारातून लावून घे, मी ऐकलं नाही. मागे पुण्याहून आणलेला जुना राउटर लावला. त्याचे पोर्ट गिगाबिटचे (१,००० एमबीपीएसचे) आहेत हे खोक्यावर पाहून घेतलंय.

मागच्या पडवीत आता ९४ मिळतात. शून्यावरून ९४, तक्रार करायला तोंड नाही खरं तर. पण ओटीवर १४० आहे मग इथे कमी का? वायफायचं नाही, लॅपटॉपला मागच्या राउटरमधून थेट केबल लावली तरी ९४ च. कधी ९३, कधी ९४, वर जातच नाही.

अवंती_ठाणे:

वापरा हो गप. ९४ मध्ये अख्खी वाडी मीटिंग करेल.

तारमास्तर:

नाही नाही, ९४ म्हटलं की माझे कान उभे राहतात. सिग्नल कमी असता तर आकडा वरखाली झाला असता. इतका एका जागी खिळलेला ९४ म्हणजे जोडणी १०० वर अडकलीय, वरचे पाच-सहा गाडीभाड्यात जातात. लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक जरी तार नीट बसली नसेल तर दोन्ही डबे आपसात मांडवली करून १०० वर येतात आणि तुम्हाला काही सांगत नाहीत.

दोन्ही टोकं नीट बघा. कनेक्टरचा खटका खाली, सोनेरी पट्ट्या वर, डावीकडून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आणि प्रत्येक तार प्लास्टिकच्या पार टोकापर्यंत पोचलीय का, ते समोरून पाहा. आठ चकचकीत ठिपके दिसले पाहिजेत.

खळ्यातला:

बाबांचा चष्मा लावून पाहिलं. ओटीकडच्या टोकाला सात ठिपके. आठवी, तपकिरी, कडेला अर्धा सेंटिमीटर मागेच दबून बसलेली, बाकीच्यांच्या आड. लावताना मी तारा सरळ करून कापल्या होत्या, पण ती एक आखूड पडली आणि मला दिसली नाही.

टोक कापलं, पुन्हा लावलं. १४१.

भाऊ काही बोलला नाही. फक्त हसला.

झोपाळेकर:

अभिनंदन! लाईट गेल्यावर काय करता? आता दोन डबे झाले.

खळ्यातला:

पुढचा इन्व्हर्टरवर होताच. मागच्याला राउटरसाठीचा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घेतला, अडॅप्टरवर बारा व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते जुळवून.

एक बारीक तक्रार उरलीय. आई ओटीवरून फोनवर बोलत बोलत चुलीपाशी येते आणि फोन पुढच्याच वायफायला चिकटून राहतो. मागचा दहा फुटांवर आहे, तरी त्याच्याकडे वळत नाही. ताईशी बोलताना रोज तुटतं.

तारमास्तर:

कोणाला धरायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. आणि जुनं स्थळ थोडं जरी हाताला लागत असलं तरी बरेच फोन ते सोडत नाहीत. पुढच्या डब्यात २.४ ची ट्रान्समिट पॉवर असेल ती मध्यम किंवा कमी करा. म्हणजे स्वयंपाकघरात त्याचा आवाज इतका बारीक होईल की फोन आपणहून मागच्याकडे जाईल. पॉवर वाढवून काही होत नसतं, कारण फोनलाही उलट तितक्या जोरात ओरडता यायला हवं.

खळ्यातला:

कमी केली. आज आई ओटीवरून ताईला फोन लावून थेट मागच्या दारापर्यंत गेली, भाकरी थापायला बसली, फोन तुटला नाही. ताईला पूर्ण अर्धा तास ऐकावं लागलं, तिने मला वेगळा मेसेज करून विचारलं की आधी होतं तसं करता येईल का.

बाबा आता म्हणतायत काजूच्या खोलीतही द्या. ती खळ्यापलीकडे, ४० मीटरवर. हीच केबल माडांवरून टाकू का?

तारमास्तर:

अजिबात नाही! दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार म्हणजे विजेला आमंत्रण. मेच्या शेवटी एक कडकडाट झाला की दोन्हीकडचे डबे गेले. बाहेरून फायबर टाका, काचेतून वीज वाहत नाही. मात्र आत लोखंडी आधारतार असलेली फायबर घेऊ नका. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा. आणि तोवर गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवत चला.

खळ्यातला:

ठरलं. पाऊस उघडला की त्याला हात घालतो, तोवर काजूच्या खोलीत रेडिओ. धागा उघडा ठेवा.