एकच टूरिंग सायकल, चार कामं: चाकांचा दुसरा जोड घ्यावा का?

पायडलपुराण
स्टीलची टूरिंग सायकल आहे. ७००सी चाकं, ३६ स्पोक, डिस्क ब्रेक, पुढे ४८-३६-२६ दात्यांची चक्रं, मागे ११ ते ३४ दात्यांची, टायर ३८ मिमी. रोज ऑफिस, रविवारी ग्रुपबरोबर जोरात, अधूनमधून खडीचा कच्चा रस्ता आणि वर्षातून दोनदा वीसेक किलो सामान लादून लांबचा दौरा. टायर काढ-घाल करायचा कंटाळा येतो. २८ मिमी टायर लावून चाकांचा वेगळा जोड ठेवावा का?

उलटी_चेन
ठेवा, पण हब (चाकाचा मधला भाग) दोन्ही जोडांना एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. नाहीतर डिस्कच्या जागेत दोन-तीन दशांश मिलिमीटरचा फरक पडतो, आणि चाक बदललं की पॅड घासायला लागतात. सहा बोल्टची डिस्क असेल तर तिच्यामागे पातळ शिम (चकती) घालून हे सुटतं.

दुसऱ्या जोडाला ११-२८ कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) लावणार असाल तर चेनची लांबी ३४ वरच ठरवा. २८ वर मापून कापलीत आणि नंतर ३४ चढवलीत, तर पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चक्रावर गेल्यावर चेन इतकी ताणली जाते की डिरेलर (गिअर बदलणारा भाग) जिथे अडकवतात तो हँगर वाकतो, डिरेलर तुटूही शकतो. शिवाय एक चेन दोन कॅसेटवर फिरणार. एक कॅसेट जास्त झिजली की नवी चेन नेमकी तिच्यावरच घसरते. चेनची झीज मोजायचा गेज ०.५ टक्क्याला शिरायला लागला की चेन बदला, म्हणजे दोन्ही कॅसेट टिकतील.

हवा_कमी_करा
मला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. ३८ मिमीचाच, पण मऊ बाजूंचा आणि जवळजवळ गुळगुळीत टायर घ्या. टायर रुंद आहे म्हणून सायकल जड चालत नाही. पंक्चर होऊ नये म्हणून घातलेला जाड थर आणि खोल नक्षी यांनी ती जड चालते. बाकीचं काम पंपाचं. ७० किलोच्या आसपासच्या माणसाला ट्यूब असताना पक्क्या रस्त्यावर हवेचा दाब मागे ५०, पुढे ४५ पीएसआय. खडीवर मागे ३८ आणि पुढे ३४. सामान मागे असेल तर मागे ६०, अर्थात टायरवर छापलेली मर्यादा बघून. खडीवर याहून खाली जाऊ नका. रिम दगडावर आपटते आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या की टायरमध्ये काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच.

गिअरचं म्हणाल तर ४८-१३ वर पायडलच्या मिनिटाला ९० फेऱ्या म्हणजे ताशी ४३ किमीच्या पुढे. ग्रुपमध्ये मागे पडलात तर दोष गिअरचा नाही :)

कॅरिअरवाला
वरच्या दोघांनी सामानाचा विषय सोडला. वीस किलो सगळं मागे लादलंत तर उतारावर हँडल थरथरतं. सात-आठ किलो पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, अ‍ॅक्सलच्या उंचीला अडकवा. जड वस्तू पिशवीच्या तळाशी ठेवा. मागच्या पिशव्या टाचेला लागत असतील तर मागे सरकवा, पण अ‍ॅक्सलच्या फार मागे नकोत.

कॅरिअरचे एम५ बोल्ट खडीवर सैल होतात. थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा आणि रोज सकाळी एकदा पान्याने तपासा. स्पोक बहुधा मागच्या चाकाचा, कॅसेटच्या बाजूचा, हबजवळच्या वाकावर तुटतो. तो बदलायला कॅसेट काढावी लागते, म्हणून योग्य लांबीचे तीन जादा स्पोक चेनस्टेला (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) टेपने बांधा आणि कॅसेटची लॉकरिंग काढायचं टूल बरोबर ठेवा. २८ मिमीचा हलका जोड सामानासाठी वापरू नका, एवढं मात्र पाळा.

पायडलपुराण
मग सध्या टायरच बदलतो. मडगार्ड बारा महिने ठेवले तर चालतील?

हवा_कमी_करा
ऑफिसला चालतील. टायर आणि मडगार्डमध्ये सगळीकडून निदान ८ मिमी फट हवी, ३८ ला साधारण ५० मिमी रुंदीचे लागतात. चिकट मातीच्या रस्त्यावर जाणार असाल तर पुढचा काढूनच निघा. फटीत चिखल भरला की चाक जाम होतं.