नफा ३५ टक्के वाढला तरी शेअर पडला! मदत हवी आहे

चाकणकर: काल माझ्याकडच्या कंपनीचा तिमाही निकाल आला. नफा ३५ टक्क्यांनी वर, आणि आज शेअर ९ टक्के खाली! नफा वाढला की भाव वाढतो, एवढं साधं गणित ना? विकू की ठेवू? जरा लवकर सांगा, साडेतीनला बाजार बंद होतो.

सीए_मिरज: कंपनी कुठली? ३५ टक्के कशाच्या तुलनेत, मागच्या तिमाहीच्या की गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या?

चाकणकर: नाव देत नाही, चर्चा भलतीकडे जाईल. गाड्यांचे सुटे भाग बनवते. तुलना गेल्या वर्षीशी.

कँडलवाला: निकालबिकाल सोडा हो. शेअर गेल्या २०० दिवसांच्या सरासरी भावाच्या खाली गेला का ते बघा. चार्टला सगळं आधीच कळतं.

निवांत: चार्टला डोंबल कळतं. नफा किती वाढला यापेक्षा बाजाराने किती गृहीत धरला होता, ते महत्त्वाचं. एप्रिल २०२३ मध्ये इन्फोसिसचा नफा जवळपास ८ टक्के वाढला होता. पण अपेक्षा त्याहून जास्त होती, वर पुढच्या वर्षी महसूल ४ ते ७ टक्केच वाढेल असं कंपनीनं सांगितलं. शेअर एका दिवसात ९ टक्क्यांहून जास्त आपटला. जानेवारी २०२४ मध्ये एचडीएफसी बँकेचंही तेच. नफा ३३ टक्के वर, १६,३७२ कोटी, आणि दुसऱ्या दिवशी शेअर ८ टक्क्यांहून जास्त खाली.

सीए_मिरज: बँकेचं उदाहरण जपून द्या. जुलै २०२३ मध्ये गृहकर्ज देणारी एचडीएफसी लि. तिच्यात विलीन झाली, त्यामुळे आधीच्या वर्षाशी तुलना सरळ होत नाही. लोक नाराज झाले ते व्याजाचं मार्जिन, म्हणजे कर्जावर मिळणारं आणि ठेवींवर द्यावं लागणारं व्याज यातला फरक, हलेना आणि ठेवी हव्या तशा वाढेनात म्हणून.

निवांत: मग मी वेगळं काय म्हणालो?

आबा_सातारा: लाभांशावर टीडीएस कापतात, तो रिटर्न भरताना मागून घ्या. बरेच जण विसरतात.

चाकणकर: आबा, लाभांशाचं कोणी विचारलंय?

सीए_मिरज: चाकणकर, निकालाच्या पीडीएफमध्ये 'अपवादात्मक बाबी' अशी ओळ असते. तिथे काही आकडा आहे का? आणि त्याच्या वरच्या ओळीत, म्हणजे त्या बाबींआधीचा करपूर्व नफा किती?

चाकणकर: आहे. जमीन विकली त्याचे १९ कोटी. वरच्या ओळीत यंदा ३५, गेल्या वर्षी ४१ कोटी. पण नफा तो नफाच ना?

सीए_मिरज: अहो, जमीन एकदाच विकता येते! धंद्यातला नफा ४१ वरून ३५ वर आलाय. बाजार वरच्या ओळीलाच भाव देतो. निकालाआधी शेअर किती चढला होता?

चाकणकर: दोन महिन्यांत तीसेक टक्के. म्हणून तर घेतला.

कँडलवाला: बघा! चार्टवर दिसतच होतं.

निवांत: आता दिसलं का तुम्हाला?

चाकणकर: भांडण नंतर करा. विकू की ठेवू?

सीए_मिरज: ते मी कसं सांगू? धंद्यातला नफा का घटला, पोलाद महागलं म्हणून की ऑर्डरच कमी आल्या, ते आधी बघा. ऑर्डर कमी असतील तर दुखणं लांबेल. निकालानंतरचा कॉनकॉल, म्हणजे कंपनीची विश्लेषकांशी फोनवरची चर्चा, ऐकलात का?

चाकणकर: सव्वा तासाचा आहे. कोणी ऐकलाय का इथे?

निवांत: कंपनीचं नाव सांगा, मग ऐकतो.